गल्लीत गाडी वळत नाही

माझा मामा आयुष्यभर बस चालवत आला, पण त्याला स्वतःला चालताना फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. कोपऱ्यावरून पाव आणायचा तरी तो स्कूटर काढायचा. पोट स्टिअरिंगला टेकू लागलं, तेव्हा त्याने सीट मागे सरकवली. पुढे सीट सरकायची थांबली, पोट थांबलं नाही.

डेपोच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याला दोन जिने चढायला लावले. वर पोचल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"वर्षअखेरीला शहरात लांब चालायची स्पर्धा असते," डॉक्टर म्हणाले. "आतापासून तयारी करा आणि अंधार पडायच्या आत ती पुरी करून दाखवा. नाहीतर गाडी बंद. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायचं."

त्या खिडकीत छत्र्या असतात आणि एकेकटे बूट. मामा त्या दिवशी जेवला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आम्ही आहोत की बरोबर," त्याच्या बसचे कंडक्टरकाका म्हणाले. 'आम्ही'मध्ये डेपोतले मेकॅनिकही आले. त्यांना आम्ही ग्रीसकाका म्हणतो. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांचं नाव परस्पर घातलं होतं.

स्पर्धेत रस्ता ज्याचा त्याने ठरवायचा, फक्त तळ्याकाठच्या तंबूत पोचायचं. मामाने अर्थातच आपला बसमार्ग निवडला. तिघांनी महिनोन् महिने डेपोच्या आवारात सराव केला आणि स्पर्धेच्या सकाळी फाटकातून निघाले. पाण्याच्या बाटल्या घेऊन मी सायकलवर मागे.

पहिल्या थांब्यावर मामा थांबला. कंडक्टरकाकांनी मागे वळून पाहिलं, कोणी चढत नाहीये याची खात्री केली आणि म्हणाले, "चला." मग मामा निघाला. दुसऱ्या थांब्यावर पुन्हा तेच.

"हे तळ्यापर्यंत चालणार का?" ग्रीसकाकांनी विचारलं.

"विनंती थांबे गाळू," कंडक्टरकाका म्हणाले.

बाजारापाशी एक अरुंद गल्ली थेट पलीकडच्या रस्त्याला निघते. मामा तिच्यासमोरून सरळ पुढे गेला आणि पुलाचा चढ चढू लागला.

"अरे, गल्ली मागे राहिली!" ग्रीसकाका ओरडले.

"गल्लीत गाडी वळत नाही."

"कुठली गाडी?"

मामा थबकला. त्याने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. आपण पायी आहोत हे त्याला उमगलं, पण तो मागे फिरेना.

"आता उलटं कसं जाणार? एकेरी वाहतूक आहे."

ग्रीसकाका कठड्याला टेकले आणि बराच वेळ खाली नदीकडे बघत राहिले. त्या वळशात दुपार गेली.

उन्हं कलली तेव्हा मामाच्याच मार्गावरची बस शेजारी येऊन थांबली. धाकट्या ड्रायव्हरने दार उघडलं. "मामा, बसा. तंबूच्या अलीकडे सोडतो. कोण बघतंय?"

ग्रीसकाकांचा एक पाय पायरीवर पोचलासुद्धा. मामा मात्र स्टिअरिंगकडे बघत उभा होता. उन्हाने तापलेलं ते मोठं काळं चाक, आणि त्यावर दुसऱ्याचे हात.

"क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस," तो म्हणाला. "जळेल."

आणि चालू लागला. त्यानंतर तो एकाही थांब्यावर थांबला नाही. कंडक्टरकाका सवयीने 'चला' म्हणायचे, तेव्हा तो पार पुढे गेलेला असायचा.

तळ्यापाशी पोचलो तेव्हा रस्त्यावरचा उजेड सरला होता, पाण्यावरचा तेवढा उरला होता. तंबूतली माणसं खुर्च्या मिटत होती.

"अंधार पडला हो," त्यातला एक म्हणाला.

"इथे पडला असेल. पाण्यात बघा," कंडक्टरकाका म्हणाले. "तळ्याचीच स्पर्धा आहे ना? मग उजेडही तळ्याचाच धरा."

तंबूत वाट बघत थांबलेल्या डेपोच्या डॉक्टरांनी मामाचं मनगट हातात घेतलं. मामाचा श्वास वर जात होता, खाली येत होता, घाई न करता.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "गाडी चालवा. पण दरवर्षी इथवर चालत यायचं. तुम्ही तिघांनीही."

"येणार," मामाने लगेच सांगून टाकलं.

बूट काढून पाण्यात पाय सोडून बसलेले ग्रीसकाका हळूच वळले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "याचे डोळे तपासलेत का हो नीट?"