दोन वायरींची अदलाबदल

नवं शतक लागलं तेव्हा मी अर्जुनी मोरगावला पंपाच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करायचो. बदली झालेल्या एका साहेबाच्या सामानात जुना घरगुती संगणक निघाला. नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. घासाघीस करून तो आणि फोनच्या तारेवरून संगणक जोडणारा एक मोडेम मी टेबलफॅनच्या बदल्यात उचलला.

जोडणीचं विचारायला गेलो, तर गोंदियाचा संगणकवाला गिऱ्हाइकांसमोर हसला. "भैया, ये डिब्बा फोन पे बात नहीं करेगा. आप मोटर ही बनाओ."

डोकं फिरलं, तरी सौदा केला. त्याच्या कूलरची मोटार मी फुकट करून देणार. त्यानं रविवारी दुपारी आपल्या मोडेमवर माझा फोन घ्यायचा. जुळलं, तर 'मी चुकलो' असं त्याच गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं.

संगणक आणि मोडेम यांचे व्होल्ट वेगळे, म्हणून मधे एक आयसी आणि चार कपॅसिटर बसवले. मोडेमच्या 'पाठव' लिहिलेल्या टोकाला संगणकाचं 'घे' जोडलं. एकानं बोलावं, दुसऱ्यानं ऐकावं. सरळ हिशेब. पण रविवारच्या सकाळीही पडदा कोराच. मी पक्कड भिंतीवर हाणली.

"काऊन तापून राहिले जी?" बायको म्हणाली. "मोटर उलटी फिरली त दोन वायरी बदलता ना?"

बदलल्या. मोडेमला हाक मारायचं 'एटी' टाइप केलं. मोडेमनं उत्तर दिलं, 'ओके'.

मग उमगलं. मोडेमवरची नावं संगणकाच्या बाजूनं लिहिली होती. त्याच्या कानावर समोरच्याच्या तोंडाचं नाव होतं. जन्मभर सौदे केले, पण स्वतःला समोरच्याच्या बाजूनं ओळखणारी वस्तू पहिल्यांदाच पाहिली.

दुपारी नंबर फिरवला. शिट्ट्या, खरखर, मग शांतता. आणि कोऱ्या पडद्यावर, हात न लावता, एकेक इंग्रजी अक्षर उमटू लागलं. 'कौन है?'

गोंदियाहून गाडीला दोन तास लागतात. तिकडे त्याचं बोट पडत होतं आणि इकडे अक्षर येत होतं. बायको टीव्हीच्या मागं जाऊन पाहून आली.

त्याच्यासाठी आठवडाभर घोळवलेली शिवी माझ्या तोंडात होती. बोटांनी लिहिलं, 'मोटरवाला'.

मग आलं, 'सच में?'

गिऱ्हाइकांसमोरचं ते वाक्य तो अजून बोललेला नाही. "उस दिन लाइन अच्छी थी," एवढंच म्हणतो. त्याच्या दुकानावरून जाताना आजही डोकं तापतं. पण 'सच में' ही अक्षरं त्याच्याच बोटांची, आणि ती माझ्या वायरीतून आली होती.