बसून झालेली खोली

"ज्या खोलीत आपून सबंध दिस बसलो न्हाई, ती खोली पाहुण्याला द्याची न्हाई," असं सिद्धू एकदा म्हणाला होता.

मानसिंगला तेव्हा हसू आलं होतं. तो पाटणकडचा गडी, लढाईत पलटणीच्या मेसचा हवालदार. ताट कुठं, काटा कुठं, पाण्याची सुरई पलंगाच्या कोणत्या बाजूला, हे सगळं त्याच्या हातात बसलेलं. अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली. मिरजेच्या पूर्वेकडच्या एका लहान संस्थानाचे राजे पुण्याला राहायला गेले आणि राजवाड्याचा पाहुणेमहाल त्यांनी मानसिंगला हॉटेल काढायला दिला. बारा खोल्या, शिसवी जिना, छतापासून लोंबणाऱ्या काचेच्या हंड्या, आणि त्यांच्याबरोबर सिद्धू.

सिद्धू जतच्या माळावरचा. तीस वर्षांपूर्वी महालात अंथरायची घोंगडी घेऊन आला आणि कारभाऱ्यांची वाट बघत दुपारपासून एका खोलीत बसून राहिला. संध्याकाळी राजे स्वतः आले तेव्हा हा म्हणाला, "सरकार, ह्या खुर्चीवर बसून वाचायचं आसंल तर दिवा फिरवाय पायजे. मानसाची सावली कागदावर पडती." राजांनी खुर्चीत बसून बघितलं. सावली कागदावर पडत होती. सिद्धू परत माळावर गेला नाही.

तेव्हापासून त्याचं काम हेच. पाहुणा यायच्या आधी तो त्या खोलीत सकाळी जाऊन बसायचा, तो दिवेलागणीलाच उठायचा. पलंगावर कधी नाही; पाहुणा जिथं बसेल त्या खुर्चीत. कोणतं दार फुगलंय, कोणत्या फटीतून वारा शिट्टी घालतो, दुपारी कबुतरं कोणत्या कोनाड्यात घुमतात, हे त्याला बसून कळायचं. मग तो खोलीची किल्ली कारभाऱ्याच्या हातात द्यायचा. किल्ली हातात पडली म्हणजे खोली बसून झाली, आता ती कुणालाही द्यावी.

"ह्यास्नी माझ्यासंगं लगीन लावून दिलं," त्याची बायको हरणाबाई म्हणायची, "पन संसार केला खुर्चीसंगं."

महाल बघायला कुणी आलं की सिद्धूच दाखवायचा. कोणत्या राजानं काय बांधलं, कोणता साहेब कुठं झोपला, हे तो सांगायचा नाही. "सकाळी नवाला हितं हुबं ऱ्हावा," तो जिन्याच्या वळणावर म्हणायचा. "निळी काच पायावर येती." माणसं उभी राहायची. पाय निळे व्हायचे. राजवाडा त्यांना तिथं दिसायचा. मानसिंगनं इटलीत मोठमोठे महाल बघितले होते, पण ते दारातून बघितलेले. हा माणूस महालाच्या आत, त्याच्या तासातासात राहत होता. हे मानसिंगला कळायचं, फक्त तो ते बोलून दाखवत नसे.

हॉटेल सुरू करताना सिद्धूनं एकच गोष्ट सांगितली होती. महालाची रीत अशी की नोकरानं मागच्या लहान दारानं यायचं-जायचं. सदर दरवाजा पाहुण्यांचा. पाहुणा निघाला की यजमानानं दोन्ही फळ्या उघडून बाजूला उभं राहायचं. "मी मागल्या दारानं आलो, मागल्या दारानंच ऱ्हाईन," सिद्धू म्हणाला. "पन हवालदार, ज्या दिशी माझ्या बसण्यावर तुमचा इस्वास ऱ्हाणार न्हाई, त्या दिशी मी हितला पाहुणा."

"लय बोलतासा नाना," मानसिंग म्हणाला होता. "बसा की गप."

कार्तिकात पत्र आलं. मानसिंगच्या पलटणीचे कर्नलसाहेब निवृत्त झाले होते आणि बाईसाहेबांना घेऊन जुने महाल बघत हिंडत होते. शुक्रवारी सकाळी मिरजेला उतरणार, तीन दिवस राहणार. त्यांना जागा आवडली तर पलटणीतले बाकीचेही येणार होते. मानसिंगनं पश्चिमेची मोठी खोली काढली. लाल मखमली पडद्यांचा शिसवी पलंग, खिडकीपाशी आरामखुर्ची, आणि पलंग-खिडकीच्या मधे मेजावर पाण्यानं भरलेली गोल पोटाची काचेची सुरई. मेसमध्ये असायची तश्शी, पडद्याला जवळजवळ टेकून.

बुधवारी सिद्धू त्या खोलीत बसला.

चारच्या सुमारास मानसिंगला जळकट वास आला. तो जिना चढून धावत वर गेला. सिद्धू पलंगापाशी उभा होता. पडद्याला मुठीएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, भिजलेल्या. रिकामी सुरई त्याच्या हातात. आणि खिडकीच्या कठड्यावर त्याची चंची, बाहेर डोकावणाऱ्या दोन बिड्या.

"नाना, बिडी वढलीसा?"

"न्हाई."

"मग ह्ये आपोआप पेटलं?"

"ऊन लागलं. ह्या सुरईतनं."

"वा रं वा! कार्तिकाच्या उन्हानं पडदं पेटाय लागलं, तर आमच्या पाटणात चुली कशाला पेटवत्यात?"

"हवालदार, उद्या चारला हितं बसा."

"मी बसू? मला कामं हायती. तुमी मातूर बसून बसून राजाचा पडदा जाळला." मानसिंगनं हात पुढं केला. "किल्ली द्या. ह्ये बसणं बंद. परवा पाहुणं येत्यात, आनि तुमी जतला जावा मेंढरं राखाय."

सिद्धूनं किल्ली दिली नाही. "खोली बसून झाली न्हाई," एवढंच म्हणाला. चंची उचलली आणि मागच्या जिन्यानं खाली गेला. जाताना त्याची बोटं मानसिंगला दिसली. टोकं फोडासारखी पांढरी पडली होती. विस्तव हातानं चिमटून विझवला होता. बिडीच्या नादात पडदा पेटवणारा माणूस इतका सावध असेल का, हा प्रश्न मानसिंगच्या मनात आला, आणि त्यानं तो तिथंच सोडला.

गुरुवारी मानसिंगनं जळका भाग मागं वळवून पडदा सारखा केला. सुरई भरून जागेवर ठेवली. दुपारभर धावपळ करून दमला आणि आरामखुर्चीत टेकला. खोली शांत होती. ऊन खिडकीतून सरकत आत आलं, मेजावर चढलं, सुरईच्या पोटात शिरलं. पलीकडं पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. मानसिंग बघत राहिला. ठिपका इतका सुंदर होता की तो काय करतोय हे कळायला वेळ लागला. मग मखमलीतून बारीक धुराची रेघ निघाली.

त्यानं सुरई ओढून घेतली. पाहुणे दुपारी बाहेर हिंडायला गेले असते, आणि रिकाम्या खोलीत हा ठिपका आपलं काम करत राहिला असता.

मागच्या अंगणात हरणाबाई बोचकं बांधत होती. सिद्धू घोंगडं घडी करत होता.

"सिद्धूनाना, चुकलं माझं," मानसिंग म्हणाला. "तुमचंच खरं हाय. मी डोळ्यानं बघितलं."

"बघितलं न्हवं?" हरणाबाई म्हणाली. "ह्येंनी तीस वरसं बघितलं. तवा तुमी कुठं हुतासा?"

सिद्धूनं तिला हातानं गप्प केलं. घोंगडं खांद्यावर टाकून तो मानसिंगच्या आधी वर गेला. सुरई उचलून खिडकीच्याच भिंतीतल्या, ऊन न पोचणाऱ्या कोनाड्यात ठेवली. पडदा एक वीत मागं सारला. मग काल चारला मोडलेलं बसणं पुरं करायला खुर्चीत बसला. मानसिंग दारात उभा राहिला, पलटणीत उभा राहायचा तसा. ऊन भिंतीवर चढलं, तांबूस झालं, छताच्या हंडीत एकदा लखलखलं आणि गेलं. या खोलीत संध्याकाळ होते कशी, हे मानसिंगनं पहिल्यांदाच बघितलं.

सिद्धू उठला. खुर्चीचा हात पंच्यानं पुसला. कनवटीची किल्ली काढून मानसिंगच्या तळहातावर ठेवली.

"आता ऱ्हावा की नाना," मानसिंग म्हणाला. "पुढली खोली बसायची हाय."

सिद्धू मागच्या जिन्याकडं वळला नाही. शिसवी जिन्यानं, कठड्यावर हात फिरवत, एकेक पायरी उतरू लागला. खाली हरणाबाई बोचकं घेऊन सदर दरवाज्याशी उभी होती. मानसिंगला समजलं. तो धावत पुढं गेला, अडसर काढला, दोन्ही फळ्या उघडल्या आणि मान लववून बाजूला उभा राहिला.

सिद्धू पायऱ्या उतरून बाहेर पडला.