शेफसाहेबांच्या हातचं कालवण
कोकमाचा वास आला की आखातातल्या मनामा शहरातल्या एका हॉटेलचं बिनखिडकीचं किचन आठवतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे स्वयंपाकी होतो. मुंबईहून एक नामांकित शेफ आठवडाभरासाठी आले आणि त्यांच्या हातचं जेवायला लोकांची झुंबड उडाली. ते मात्र टेबलाटेबलाशी फोटोंना उभे असत आणि आत सगळं मी रांधायचो. चौथ्या दुपारी एका बाईंनी माझं हामूर माशाचं कालवण परत पाठवलं. त्यांना खुद्द शेफनी केलेलं हवं होतं. शेफ आत आले, टोपी काढून त्यांनी पळी उचलली. "आज मीच करतो." तेवढ्यात मॅनेजर घाई करत दारात आला. "सर, यल्ला, बाहर सब वेट कर रहे हैं." त्यांनी पळी मला परत दिली. "हेच गरम कर, मी नेतो." बाई खूश झाल्या. माझा पासपोर्ट हॉटेलवाल्यांनी त्यांच्या कपाटात अडकवून ठेवला होता, त्यामुळे मी राग गिळला. परत आल्यावर ते हळूच म्हणाले, "दोन वर्षं झाली, मी काहीच शिजवलेलं नाही." आता वसईत माझी लहानशी खाणावळ आहे. गिऱ्हाइकं कौतुकानं बाहेर बोलावतात, पण मी चुलीपासून हलत नाही.