पाठमोरे कप्तान

आमची वहिनी घरच्या घरी पोस्टरं करते. तिला साबण आणायला पाठवू नये. ती दुकानात साबणाच्या वेष्टनावरची अक्षरं डोळे बारीक करून बघत बसते आणि हात हलवत परत येते. रस्त्यात कुठलीही पाटी दिसली की बाईसाहेब थांबल्याच! मी वैतागतो. पण तिची नजर, बाप रे, ती नजर काही औरच.

बाबांना विसरायला व्हायला लागलं होतं. त्या सकाळी दार उघडं राहिलं आणि ते चपला घालून निघून गेले. दुपारपर्यंत पत्ता नाही. पोलिसात कळवलं, नातेवाइकांना फोन झाले. वहिनीने लगेच पोस्टर केलं. काय देखणं! भरपूर मोकळी जागा, नाजूक अक्षरं, कोपऱ्यात बाबांचा कोटातला फोटो. मी ते बस स्टँडवर चिकटवत होतो, तर एक गृहस्थ विचारतात, "नाटकाची तिकिटं कुठे मिळतील हो?"

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन ओरडलो, "इथे माझा बाप हरवलाय आणि तू नक्षीकाम करतेस?"

दादा मला आवरायला उठला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "चल, दाखव कुठे लावलंस ते."

स्टँडवर ती बाकावर बसून माणसं बघत राहिली. मोठमोठ्या रंगीत जाहिरातींकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. पण तिकीट खिडकीवर खडूने जाड अक्षरांत 'सुटे पैसे द्या' लिहिलेला पुठ्ठा होता, तो प्रत्येकजण वाचत होता आणि खिसे चाचपत होता.

"आणि भाऊजी, चालताना कोण कुणाचा चेहरा बघतं?" ती म्हणाली. "पुढच्याची पाठच दिसते. माझा फोटोच चुकला."

घरी येऊन तिने सहलीचा एक फोटो शोधला. त्यात बाबा पुढे चालले होते, हात मागे बांधलेले, खांदे वाकलेले, डोक्यावर कापडी टोपी. बाबा शाळेत खेळ शिकवायचे, त्यामुळे सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. हल्ली 'बाबा' म्हटलं तर लक्ष द्यायचे नाहीत, पण 'कप्तान' म्हटलं की हमखास वळायचे. तिने फोटोखाली त्या पुठ्ठ्यासारख्या ठोकळेबाज अक्षरांत लिहिलं, 'असे चालताना दिसले तर हाक मारा.' आणि त्याखाली कागदभर, 'कप्तान!' तळाशी फोन नंबर.

"कसलं ओबडधोबड झालंय," दादा म्हणाला.

"झालंय खरं. आता याच्या प्रती छापून आण," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या भाजीवालीचा फोन आला. "मागून हाक मारली, तर ताठ उभे राहून म्हणतात, 'बोला!' केळं खायला दिलंय. लवकर या."

माझ्या वहिनीला कुणी बक्षीस देवो न देवो, मी तिच्यापुढे हात जोडतो.

बाबा घरी आले. थोडे सावरल्यावर वहिनी त्यांना फिरायला घेऊन निघाली आणि पोस्टरं काढायला मीही सोबत गेलो. स्टँडच्या भिंतीपाशी बाबा थांबले. एकेक शब्द मोठ्याने वाचला, कुठेही न अडखळता. मग हळहळले.

"अरेरे! सापडला का हो हा माणूस?"

"सापडला, बाबा," वहिनी म्हणाली.

"बरं झालं बाई. घरच्यांचा जीव टांगणीला लागला असेल."