आमच्या हिचं बोलणं

कर्वेनगरातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आपला दवाखाना एका मोठ्या हॉस्पिटलला जोडून टाकला, तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो, "म्हणजे आता तुम्ही गिऱ्हाईकं पाठवणार." ते नुसते हसले. रक्त तपासायची लॅब, औषधांचं दुकान, वारज्याचं पुनर्वसन केंद्र, सगळं आता एकाच संस्थेचं. मला ते मुळीच पटलं नव्हतं, आणि आजही सगळंच पटतं असं नाही. संस्थेच्या फोनवर ताटकळताना वाजणारी ती सनई ऐकली की अजूनही माझं डोकं फिरतं.

पण एका सकाळी भाजी निवडता निवडता हिचं तोंड वाकडं झालं, उजव्या हातातली गवार खाली पडली, तेव्हा मी फोन केला तो डॉक्टरांनाच. "काही खायला-प्यायला देऊ नका, गाडी पाठवतो," एवढंच म्हणाले. हॉस्पिटलच्या दारात माणसं वाट बघत उभी होती. हिला रक्तदाब आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, सगळं त्यांना आधीच कळलेलं. मला विचारलं ते एवढंच, की हे नेमकं कधी झालं. बरंच झालं, कारण माझी बोबडी वळली होती.

जीव वाचला. हळूहळू पायात बळ आलं, ही काठी घेऊन चालायला लागली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. आपण बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. आता आमची ही म्हणजे काय, ते आमच्या सोसायटीत विचारा. पार्किंगवरून कुणाची जुंपली की सेक्रेटरी आधी हिच्या खिडकीकडे बघायचे. एका वाक्यात समोरच्याची हवा काढायची, तीही 'अहो, आपण' म्हणत. ती बाई अशी गप्प बसलेली मला बघवत नव्हती. घर खायला उठायचं.

वारज्याच्या केंद्रातून बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायला लागली. यवतमाळकडची होती. चित्रं दाखवून विचारायची, "काकू, हे काय आहे?" ही मान फिरवायची. उभा जन्म लोकांना सुनावण्यात गेला, त्या बाईला केळं ओळखायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? कित्येक आठवडे असेच गेले. मुलगीही हिरमुसली, आणि मी तर मनातून आशा सोडत चाललो होतो.

मग एके दिवशी तिने चित्रं पिशवीतून काढलीच नाहीत. मी चहा केला होता. एक घोट घेऊन, हिच्याकडे बघत ती म्हणाली, "काका, काय फक्कड चहा करून राहिले हो तुम्ही. काकूंना तरी जमत होता का असा?"

मी खूश. म्हटलं, "जमवला हो."

"घरही कसं टापटीप ठेवलंय. काकू, नशीब काढलं तुम्ही."

मी आणखी फुगलो. हिचा चेहरा लालबुंद झाला. ओठ थरथरायला लागले.

"पा," ही म्हणाली.

मुलीने हातातला कप खाली ठेवला.

"पा... पाणचट."

मुलगी आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. "तुमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं जी," ती मला म्हणाली. "म्हणाले, चित्रं ठेव बाजूला. त्यांच्यासमोर त्यांच्या नवऱ्याचं कौतुक कर, त्यांना सहन व्हायचं नाही."

इतकी वर्षं खोकल्याच्या औषधाबरोबर आमची भांडणंही ऐकून घेतलेल्या माणसाला जे ठाऊक होतं, ते साखळीच्या पार शेवटी असलेल्या या मुलीपर्यंत पोचलं. सगळं एका संस्थेचं असण्याचा मला मनापासून पटलेला उपयोग तेवढाच. पण त्या क्षणी मला ना डॉक्टर आठवत होते, ना संस्था. मला हिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. एवढ्या दुखण्यातून उठून, सगळे शब्द सोडून, नेमका तो शब्द.

"परत म्हण," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे नीट बघितलं, मग कपाकडे.

"ओतून... टाका."

मी ताबडतोब उठलो, सगळा चहा सिंकमध्ये ओतला आणि नळ सोडून तिथेच उभ्याने रडलो.