बाईंडरचा अंगठा

सांगलीतल्या त्या बाईंडरचं नाव मी कधी विचारलं नाही. पुस्तकाचं नाव तेही बघत नसत. नुसता पाठीवरून अंगठा फिरवत.

माझ्या लाडक्या विसरभोळ्या जादूगाराच्या पाच पुस्तकांवर मालिका येणार होती. त्या आनंदात सगळे भाग एका रंगात बांधायला नेले. ते एकेक भाग तपासत होते आणि मी तावातावाने बोलत होतो. ट्रेलरमध्ये जादूगाराची जांभळी टोपी हिरवी केलीय! शेवट बदलला तर याद राखा, असं चाहत्यांच्या ग्रुपवर मी बजावलंय!

चार भाग त्यांच्या हातात मऊ उघडले. पाचव्याची पाठ कडकन वाजली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आवं, ह्यो भाग तर कुणी उघडल्यालाच न्हाई."

"गोष्ट संपू नये म्हणून ठेवलाय," मी पुटपुटलो.

"मंग शेवट बदलला तर तुमास्नी कळंल कसं?"

एवढं बोलून ते शांतपणे खळ ढवळायला लागले.

घरी आलो तर ग्रुपवर माझ्या इशाऱ्याखाली एका मुलीने विचारलं होतं, "सर, शेवट नेमका काय आहे?"

मी लिहिलं, "स्वतः वाचा. सांगण्यात मजा नाही."