फरीदूनचा पहिला नकार

काबूलच्या फुटबॉल क्लबात फरीदून नूरझाईला कप्तान करायचं ठरलं, तेव्हा त्याने दोनदा नाही म्हटलं. "माझ्याहून मोठे आहेत, त्यांना द्या," असं म्हणायचंच असतं. थोरले खेळाडूही रीतसर त्याच्या मागे लागले आणि तिसऱ्या खेपेला कप्तानाचा पट्टा त्याच्या दंडावर बांधूनच थांबले. समोर आलेली मोठी गोष्ट पहिल्या झटक्यात उचलणारा माणूस हावरट, ही शिकवण त्याच्या घरी लहानपणापासूनची.

पुढे तो देशाकडून खेळला. पुण्यातल्या एका क्लबात दोन हंगाम काढून कामापुरतं हिंदी शिकला. गुडघ्याने दगा दिल्यावर प्रशिक्षक झाला आणि काबूलमध्ये धाकट्या बहिणीचा, परवानाचा, संघ उभा केला. मग राजवट पालटली आणि मुलींचं खेळणंच बंद झालं. तो सिंगापूरला बुकित तिमाहच्या एका छोट्या अकादमीत सहायक म्हणून आला. तिथल्या मुलींना त्याने बुटाची नाडी बांधण्यापासून घडवलं. परवाना मात्र काबूलमध्येच, घरात बसून. फोनवर ती त्या मुलींच्या मॅचची खडान्‌खडा चौकशी करते, आणि फोन ठेवल्यावर या गड्याला जेवण जात नाही.

यंदा मुख्य प्रशिक्षक नोकरी सोडून गेले आणि व्यवस्थापक मिस्टर को यांनी मुलींचा संघ फरीदूनला देऊ केला, तेव्हा आनंद त्याच्या पोटात माईना. आणि तोंडाने हा पठ्ठ्या काय म्हणाला? "माझ्याहून लायक माणसं आहेत."

मिस्टर को सरळ माणूस. "ओके लॅ, नो प्रॉब्लेम," असं खास सिंगापुरी ढंगात म्हणून ते पुढच्या कामाला लागले. फरीदून आठवडाभर वाट पाहत राहिला. पुन्हा कुणी विचारेना. उलट बाहेरून माणूस शोधताहेत, असं कानावर आलं.

रविवारी सरावानंतर संघातल्या गार्गीची आई मेधा त्याला घरी थालीपीठ खायला घेऊन गेली. "बस, भाभीजी, पेट भर गया," असं तो म्हणेपर्यंत पानात आणखी एक पडलंसुद्धा. त्याने ते मुकाट्याने संपवलं, आणि एकदम त्याचे डोळे भरून आले. त्याने सगळं सांगून टाकलं.

मेधाने कपाळावर हात मारला. पुण्याहून नवीन आली होती तेव्हा इथल्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात तिने केकला "नको, नको" म्हटलं होतं, आणि लोकांनी खरंच डबा पुढे नेला होता. सगळी दुपार तिचा जीव त्या केकमध्ये अडकला होता.

"फरीदूनभाई, यहाँ दूसरी बार कोई नहीं पूछता," ती म्हणाली. "कल जाइए और अपने मुँह से बोलिए, मुझे चाहिए."

"शरम आती है."

"आने दीजिए. लड़कियाँ किसी और की हो गईं, तब क्या करेंगे?"

"जस्ट आस्क लॅ, कोच," भरल्या तोंडाने गार्गी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी को यांच्या टेबलासमोर तो उभा राहिला, तेव्हा त्याचे कान तापले होते. "आय वॉन्ट दिस टीम," तो एका दमात म्हणाला. आयुष्यात स्वतःसाठी त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मेलं इतकं अवघड असतं ते!

"देन व्हाय यू से नो?" को चक्रावले.

फरीदूनने त्यांना आपल्याकडची रीत समजावून सांगितली. को यांनी फोन उचलला आणि मुलाखतीला येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं. "ओके. युवर टीम," ते म्हणाले आणि कोपी, म्हणजे तिथली कडक कॉफी, आणायला उठले. "कोपी?"

"नको, नको."

को दारापर्यंत गेले, थबकले आणि मागे वळले. "कोपी?"

"खरंच नको."

को यांनी एक सुस्कारा सोडला. "लास्ट टाइम आय आस्क, हां. कोपी?"

फरीदूनने खाली मान घातली. "साखर कमी," तो म्हणाला.